महिनेबाईचा राहिलेला मे

छापखान्यात तिला महिनेबाई म्हणत. खरं नाव हजेरीच्या कार्डावर होतं, पण त्या नावाने तिला कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. मुलांसाठी भिंतीवर लावायचं एक कॅलेंडर तिथे निघायचं. दर महिन्याला एक चित्र, चित्राखाली तारखा, आणि तारखांखाली सहा ओळी, ‘या महिन्याच्या गमती’. त्या सहा ओळी तिच्या. बारा महिने, प्रत्येकाच्या सहा, आणि एकदा छापलेली गंमत पुन्हा छापायची नाही हा तिचा तिनेच घालून घेतलेला नियम. कोणी म्हणेल, त्यात काय एवढं. म्हणणाऱ्याने खुशाल बसावं आणि फेब्रुवारीच्या सहा काढून दाखवाव्यात. तिसरीलाच घाम फुटेल.

तिची काम करायची रीत अशी होती. कुठूनही गंमत हाती लागली की आधी ती दोन पुस्तकांत सापडली पाहिजे. एकात सापडली तर ती नुसती बातमी. दोन्हीकडे सापडली की ती संध्याकाळी घरी घेऊन जायची, आणि इमारतीच्या जिन्यात पोरं बसलेली असत त्यांना सांगायची. पोरं ‘मग?’ म्हणाली की गंमत गेली केराच्या टोपलीत. पोरं गप्प राहिली आणि त्यातलं एक उठून दुसऱ्या कोणाला सांगायला पळालं, की गंमत पास. फार फार वर्षांपूर्वी काही देशांनी कॅलेंडर दुरुस्त केलं तेव्हा ऑक्टोबरमधले दहा दिवस गाळून टाकले, लोक चार तारखेला झोपले ते पंधराला उठले, हे तिने सांगितलं तेव्हा पहिल्या मजल्यावरची ठमी भांडायलाच उठली होती. ज्यांचे वाढदिवस त्या दहा दिवसांत होते त्यांनी काय करायचं, हा तिचा सवाल होता. ती गंमत पास झाली आणि ठमीचा सवालही खाली बारीक अक्षरात छापला गेला.

तिचा थोरला भाऊ त्याच छापखान्यात मशीनमन. सगळे त्याला दादा म्हणायचे, मालकसुद्धा. शाळा सातवीपर्यंत, पण मशीनचा आवाज भिंतीपलीकडून ऐकून कोणता रूळ कुरकुरतोय ते सांगणारा. शाई कमी-जास्त झाली तर त्याला वासावरून कळायचं. त्याला बहिणीचा अभिमान होता आणि तो झाकून ठेवायची त्याला सवय नव्हती. कागदवाला आला, शाईवाला आला, वीजमीटर बघायला माणूस आला, तरी दादा त्याला मशीनपाशी थांबवून सांगायचा की बारा महिने माझ्या बारकीच्या खिशात असतात, विचारा कोणताही. याला कोणी फुशारकी म्हणो. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. राहायला तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. यावरून जिन्यातली पोरं त्याची टिंगल करायची आणि तोही त्यांच्याशी वाद घालत घालत, दर मजल्यावर दम खात वर चढायचा. पोरं त्याला लिफ्टकाका म्हणत. दोघांना मूलबाळ नव्हतं. मे महिन्यात एका सकाळी तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला. आजार नाही, ताप नाही. शेजारी आले, डॉक्टर आला, दादा मशीन तसंच चालू टाकून धावत आला, आणि सगळं उरकलंही.

ती रडली नाही. आठवड्याभरात ती कामावर आली, टेबलावरची धूळ पुसली आणि पुढच्या वर्षाचा जानेवारी काढायला बसली. लोक म्हणाले, बाई खंबीर. दादा तर चारचौघांत म्हणाला की आमच्या घरातली माणसं अशीच, दगडाची. तेव्हा ती शेजारीच उभी होती. तिला ते ऐकू आलं, पण पलीकडच्या खोलीत कोणी कोणाबद्दल तरी बोलावं तसं. दगड म्हणजे बरोबरच असावं असं तिला वाटलं. दगडाला काही दुखत नाही, तिलाही काही दुखत नव्हतं. डब्यातल्या भाजीत मीठ आहे की नाही ते कळायचं नाही, ती खायची. घरी गेल्यावर दिवा लावायची, भांडी घासायची, एकच ताट, एकच पेला, मग खिडकीशी बसायची. समोरच्या घरातला टीव्ही दिसायचा. त्यात माणसं तोंड हलवायची. तिला आवाज नसलेलंच बरं वाटायचं. जिन्यातून जाताना पोरं सरकून वाट द्यायची. कोणाच्या तरी आईने बजावलं असणार. पूर्वी तिला एका बाजूने अंग चोरून चढावं लागायचं.

त्यामुळे त्या वर्षी गमती पोरांना न विचारताच निघत होत्या. निघत मात्र होत्या. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते. फेब्रुवारी हा एकच महिना असा की तो पौर्णिमेशिवाय जाऊ शकतो. मार्च झाला, एप्रिल झाला. मग तिने जून दिला.

मजकूर टाइप करून पानं लावणाऱ्या डीटीपीवाल्या मुलीला वाटलं, मे नंतर येईल. जुलै आला, ऑगस्ट आला. सप्टेंबर आणि डिसेंबर ही जुळी भावंडं, दोघं दर वर्षी एकाच वारी सुरू होतात, तेही आलं. डिसेंबर संपला आणि मेचं पान कोरं. चित्र होतं, तारखा होत्या, खाली सहा ओळींची जागा पांढरी. मुलीने विचारलं तेव्हा महिनेबाई म्हणाली, देते. पुन्हा विचारलं, पुन्हा म्हणाली, देते. आवाजात ना राग ना टाळाटाळ. जिन्याची एक पायरी तुटलेली असली की माणूस रोज न बघता तिच्यावरून पाय टाकतो, तसं तिचं झालं होतं. एप्रिलवरून पाय उचलला की तो जूनवरच पडायचा.

आता हे कॅलेंडर छापायची रीत अशी की बाराही महिने एकाच मोठ्या कागदावर बसवतात, सगळे एकदम छापतात आणि मग कापतात. त्यामुळे एक पान अडलं की अकरा अडतात. घोडं मे महिन्यापाशी पेंड खात बसलं आणि दादाचं मशीन रिकामं. दुकानदारांचे फोन सुरू झाले.

मालक वाईट माणूस नव्हता. त्याने तिला बोलावून बसवलं, पाणी मागवलं आणि इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर आला. गमती पुरवणारी एक कंपनी होती. फोन केला की बाराही महिने तयार पाठवते, चित्रांसकट. शनिवारपर्यंत मे आला तर उत्तम. नाही आला तर या वर्षी सगळं त्यांच्याकडून घ्यायचं, आणि एकदा त्यांच्याकडून घेतलं की पुढेही तेच सोयीचं. तिला बायंडिंगमध्ये बसता येईल, असं त्याने जड जिभेने सांगितलं. गमतींचं टेबल मात्र राहणार नाही.

ती बरं म्हणाली आणि उठली. पाणी तसंच राहिलं.

जेवणाच्या सुट्टीत ही गोष्ट दादाच्या कानावर गेली. तो तडक तिच्या टेबलाशी आला. आपली बहीण कव्हरं चिकटवत बसणार आणि कुठली कोण कंपनी तिच्या जागी गमती सांगणार, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं. त्याने आधी तिला समजावलं, मग दटावलं, मग पुन्हा समजावलं. सहा ओळी आहेत, म्हणाला, डाव्या हाताने लिहून टाक. ती कागदाकडे बघत होती.

‘‘बसले की काही येत नाही, दादा,’’ ती म्हणाली.

‘‘रडू येतं का?’’

‘‘नाही. तेही नाही.’’

दादाने तिच्या टेबलाचा हलणारा पाय खाली कागदाची घडी सारून नीट केला आणि निघून गेला.

पण दादा हात बांधून बसणाऱ्यांतला नव्हता. त्याने विचार केला, मे महिना काही फक्त पुस्तकवाल्यांचा नाही. आपलाही जन्म मे महिन्यातला. इतके मे आपण काढले, त्यातले कितीतरी या मशीनपाशी. मग आपण का नाही? मशीनच्या कागद ठेवायच्या फळीवर कागद घेऊन तो बसला आणि एका दमात सहाच्या सहा गमती लिहून काढल्या. लिहून झाल्यावर वाचल्या. त्याला त्या आवडल्या. त्याने कागद डीटीपीवाल्या मुलीला नेऊन दिला आणि महिनेबाईचा मे आला म्हणून सांगितलं. मुलीने घाईघाईत टाइप केला, न वाचताच. भावाने आणून दिलेलं, त्यात काय बघायचं? छपाईची प्लेट निघाली. दादाने ती मशीनवर चढवली, शाई जुळवली, दोनचार कागद खराब गेले तेवढे गेले, आणि मग बाराही महिने असलेला एक ओला, करकरीत कागद दोन्ही हातांनी वर धरून तो तिच्या टेबलाशी आला.

‘‘हे घे,’’ तो म्हणाला. ‘‘तुझं टेबल वाचलं. आता बघ आणि सही कर.’’

तिने कागद पसरला. मेपाशी आली. वाचायला लागली.

मे हा सगळ्यात मोठा महिना आहे. मे महिन्यात जन्मलेली माणसं देखणी आणि कर्तबगार असतात. मे महिन्यात छापखान्यातली शाई लवकर सुकते. मे महिन्यात वाघसुद्धा दुपारचा झोपतो. मे हे एकाच अक्षराचं नाव, इतकं छोटं नाव दुसऱ्या कोणत्याही महिन्याला नाही. मे हा महिना थोरल्या भावांचा आहे, म्हणून त्या महिन्यात त्यांचं ऐकावं.

दादा वाट बघत होता. मनातून त्याची खात्री होती की ती आता हसेल, निदान डोळे तरी भरून येतील. त्याने कडेने बघून घेतलं की आजूबाजूचे लोक बघतायत ना.

तिचा हात पेन्सिलीकडे गेला. हिरवी पेन्सिल. छापखान्यात लाल पेन्सिल मालकाची आणि हिरवी तिची. कोरं पान ती महिनाभर बघू शकली होती. चुकलेलं पान तिला एक क्षण बघवलं नाही. यात तिचा इलाजच नव्हता. जन्मभर ज्याने भिंती ओळंब्यात बांधल्या त्याला कललेली भिंत दिसली की दुसऱ्याच्या घरीही तो हात लावून बघतोच.

‘‘सगळ्यात मोठा कसा?’’ ती म्हणाली.

‘‘एकतीस दिवस आहेत.’’

‘‘एकतीसचे सात महिने आहेत, दादा.’’

‘‘पण मे मोठा वाटतो.’’

तिने ती ओळ खोडली. दुसरी ओळ वाचून तिने त्याच्याकडे बघितलं. आधी वरपासून खालपर्यंत, मग हातावरच्या शाईकडे, मग पुन्हा तोंडाकडे. ती ओळही खोडली.

‘‘यात काय चूक आहे?’’ दादा म्हणाला.

‘‘दोन पुस्तकांत सापडेल का?’’

दादा म्हणाला की पुस्तकात नसलं म्हणून काय झालं, माणूस समोर उभा आहे. मागे कागद कापायच्या कटरवर कोणीतरी हसलं. तिच्या तोंडावरची रेषही हलली नाही, पण पेन्सिल चालू राहिली. शाई सुकण्याचं तिने विचारलं, कुठे? इथे सुकत असेल. जगाच्या दुसऱ्या अर्ध्यात मे महिन्यात थंडी पडायला लागते, तिथे तुझी शाई ओलीच. वाघाचं म्हणाली, वाघ बाराही महिने दुपारचा झोपतो. दादा म्हणाला, म्हणजे मे महिन्यातही झोपतोच ना, मग खोटं काय त्यात? त्यावर ती थोडी थांबली, कारण खोटं काहीच नव्हतं. पण गंमत मेची पाहिजे, वाघाची नको, असं म्हणून तिने वाघही खोडला.

पाचव्या ओळीवर पेन्सिल थबकली. तिने बोटाने बारा महिन्यांची नावं एकेक करून बघितली, ओल्या शाईला न लावता, वरून वरून.

‘‘हे आपण कधी छापलं नाही,’’ ती म्हणाली.

‘‘बघ,’’ दादा म्हणाला आणि मागे वळून कटरवाल्याकडे बघितलं.

सहाव्या ओळीतलं मूळ तिनेच कधीतरी त्याला सांगितलेलं होतं. मे हे नाव थोरल्यांवरून पडलं आणि जून हे धाकट्यांवरून, असं फार जुन्या काळी काही लोक मानायचे. सगळे मानत नसत, म्हणून तिने ते कधी छापलं नव्हतं. दादाने त्यातले ‘काही लोक’ गाळून टाकले होते, भाऊ घातले होते, आणि ऐकायचं कलम स्वतःचं जोडलं होतं. तिने भाऊ खोडले, कलम खोडलं, काही लोक परत आणले.

सहातल्या दोन उरल्या. दादाला वाटलं आता बाकीच्या चार ती तिथल्या तिथे भरेल. पण ती पेन्सिल हातात धरून नुसती बसून राहिली, आणि पुन्हा ते डोळे तसेच झाले, कोणी नसलेल्या घराच्या खिडक्यांसारखे. मालक काचेतून बघत होता. दादाने तो कागद गुंडाळून तिच्या पिशवीत घातला. तिची ही बाजू त्याला ठाऊक होती. गमती टेबलावर फक्त सापडतात, ठरतात जिन्यात. तिला म्हणाला, पोरांना विचार.

‘‘पोरं आता सरकून बसतात,’’ ती म्हणाली.

‘‘तू थांबत नाहीस म्हणून सरकतात.’’

त्या संध्याकाळी ती पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या वळणावर थांबली. पाचसहा पोरं होती, मधे ठमी. ठमीचा पुढचा एक दात पडलेला होता आणि ती त्या भोकातून जीभ बाहेर काढून दाखवत होती. पोरं सवयीने सरकली. महिनेबाई वर गेली नाही. पायरीवर बसली, पिशवीतून कागद काढला आणि मांडीवर उलगडला. बारा महिने एकदम बघून पोरं जवळ आली. मग एकाने विचारलं की हे पुढचं वर्ष आहे का, आणि ते अजून आलं नाही तर तुमच्याकडे कसं आलं? तिने सांगितलं, आम्हाला आधी येतं.

तिने एक अक्षरवालं सांगितलं. पोरांनी लगेच बोटांवर नावं मोजली आणि एक जण खरोखरच खाली पळाला, सांगायला. थोरल्याधाकट्यांचं सांगितलं तर ठमीच्या धाकट्या भावाला जून आपला वाटला आणि तो त्यावर हात ठेवून बसला. बाकी? पोरांनी विचारलं. चार ओळी हिरव्या रेघांनी भरलेल्या होत्या, त्या त्यांनी वाचायचा प्रयत्न केला. ठमीला वाघ वाचता आला. वाघ का काढला, म्हणून ती नाराज झाली.

‘‘मग मेचं अजून काय?’’ ती म्हणाली.

‘‘अजून सापडलं नाही.’’

ठमी विचार करायला लागली. तिला गमती पुरवायचा जुना अनुभव होता आणि ती काही मागे राहणारी नव्हती.

‘‘मे महिन्यात लिफ्टकाका वारले,’’ ती म्हणाली. ‘‘हे लिही.’’

मोठ्या मुलाने तिला कोपराने ढोसलं. बाकीची पोरं कागदाकडे बघायला लागली. जिन्यात वरच्या मजल्यावरचं कुकर वाजलं, एकदा, मग पुन्हा. महिनेबाई ठमीकडे बघत होती.

‘‘ती गंमत नाही,’’ ती म्हणाली.

‘‘पण खरं आहे ना?’’

ठमीला खरंच विचारायचं होतं. तिथे नियम तसाच होता, आधी खरं आहे का ते बघायचं. इतक्या महिन्यांत तिला कोणी हा प्रश्नच विचारला नव्हता. लोक सांत्वन करून गेले होते, खंबीर म्हणून गेले होते. खरं आहे का, असं कोणी विचारलं नव्हतं.

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘खरं आहे.’’

‘‘दोन ठिकाणी बघितलं?’’ ठमीच्या भावाने विचारलं. तो सहा वर्षांचा होता.

‘‘एकाच ठिकाणी,’’ ती म्हणाली. ‘‘पण मी स्वतः बघितलं.’’

पोरांनी ते मान्य केलं. छापायचं नाही, पण खरं आहे, असं ठमीने सगळ्यांच्या वतीने ठरवलं. मग त्यांच्यात लिफ्टकाकाचं निघालं. तो दुसऱ्या मजल्यावर थांबून लिफ्ट बंद आहे असा बोर्ड वाचल्यासारखं करायचा. बोर्ड कुठेच नव्हता. तो पोरांना बटणं समजून त्यांच्या डोक्यावर बोट दाबायचा आणि तिसऱ्यावर चल म्हणायचा, आणि ठमी म्हणायची, मी पहिला मजला आहे, तिसरा तो. महिनेबाईला हे माहीत नव्हतं. घरात शिरेपर्यंत तो दमलेला आणि गप्प असायचा. तिने ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. पायरी थंड होती, ते मात्र तिला कळलं, आणि बराच वेळ झालाय तेही.

घरी जाऊन तिने तो कागद जेवायच्या टेबलावर पसरला. मेच्या पहिल्या तारखेवर बोट ठेवलं, वार बघितला आणि तो वार घेऊन बाराही महिन्यांतून फिरली. दुसरा कोणताच महिना त्या वारी सुरू होत नव्हता. मागच्या वर्षांची कॅलेंडरं कपाटात होती, ती काढली, लीप वर्षाचीही. तिथेही तेच. मे एकटा. मग तिने जून बघितला, तोही एकटा, आणि प्रामाणिकपणे दोघांनाही एकाच ओळीत लिहिलं. मग बोट डिसेंबरच्या शेवटी गेलं आणि त्याच्या पुढे, कागद संपला तिथे. पुढच्या जानेवारीची पहिली तारीख त्याच वारी पडत होती ज्या वारी मे सुरू झाला होता. तिने जुनी कॅलेंडरं एकाशेजारी एक लावली. दर वर्षी. एकही वर्ष चुकत नव्हतं.

तिने ते हिरव्या पेन्सिलीने लिहिलं: मे ज्या वारी सुरू होतो, त्याच वारी पुढचं वर्ष सुरू होतं, बघा पडताळून. त्याखाली लिहिलं, मेच्या सुरुवातीला आकाशात ज्या उल्का दिसतात त्या एका शेपटीवाल्या धूमकेतूने मागे टाकलेला चुरा असतात. त्याखाली लिहिलं, मे महिन्यात पृथ्वीच्या एका अर्ध्यात झाडांना पानं फुटत असतात तेव्हा दुसऱ्या अर्ध्यात ती गळत असतात. सहा झाल्या. मग तिने जेवणाचं ताट घेतलं आणि भाजी तोंडात घातल्यावर उठून मीठ घेतलं.

शनिवारच्या आत पान मालकाच्या टेबलावर गेलं. मालकाने मे आणि जानेवारीचा वार आपल्या खिशातल्या डायरीत पडताळून बघितला, मग आदल्या वर्षीचाही, आणि फोन उचलून त्या कंपनीला यंदा नको म्हणून सांगितलं. यंदा, असं म्हणाला. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी. दादाला मात्र पुढच्या दहा वर्षांचं ठरल्यासारखं वाटलं. त्याने मशीन सुरू केलं आणि चहावाल्यापासून कागदवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं की मे आम्ही दोघांनी मिळून काढला, त्यातल्या दोन तर सरळ माझ्या. हेही खोटं नव्हतं.

छपाई चालू असताना महिनेबाई मशीनच्या दुसऱ्या टोकाला उभी होती, मधून मधून एक कागद उचलून बघायला. कागद येत होते, एकावर एक पडत होते. बारा महिने, बारा महिने, बारा महिने. थोड्या वेळाने रूळ पुसायला दादाने मशीन थांबवलं आणि एकदम सगळं शांत झालं.

‘‘त्या दिवशी गॅसवर दूध होतं,’’ ती म्हणाली.

दादाने वर बघितलं.

‘‘तो खुर्चीत वाकडा झाला ते मला दिसलं. आणि दूध वर आलं होतं. मी आधी गॅस बंद केला. मग त्याच्याकडे गेले.’’

दादाच्या हातात फडकं होतं. त्याने रुळावरून फडकं फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. तिच्याकडे न बघता म्हणाला, ‘‘बरं केलंस. उतू गेलं असतं, ज्योत विझली असती, गॅस घरभर झाला असता. तुला तरी कोण बाहेर काढणार होतं?’’

‘‘हो,’’ ती म्हणाली.

‘‘तुझ्या जागी मी असतो तर गॅस तसाच टाकून धावलो असतो, माणूस आणि घर दोन्ही घालवली असती,’’ दादा म्हणाला. त्याला असं बोलताना पहिल्यांदाच कोणी ऐकलं. पण ऐकायला फक्त तीच होती.

तिने मान हलवली. हाताला शाई लागली होती, ती तिने त्याच्याच फडक्याच्या कोपऱ्याला पुसली. त्याने मशीन पुन्हा लावलं, आणि ती पुढच्या कागदाची वाट बघत उभी राहिली.